घाटाखालचा मुक्काम

शुक्रवारी रात्री जेवणं उरकली की सांगली जिल्ह्यातल्या कुंडलातून एखादी तरी गाडी कोकणाकडे निघते. द्राक्षाला भाव बरा मिळालेला असेल तर दोन-तीन. कोल्हापूर मागे टाकायचं, गगनबावड्याला चहा घ्यायचा, करूळचा घाट उतरायचा आणि उजाडता उजाडता मालवणच्या जेटीवर हजर व्हायचं. शनिवारी किल्ला, रविवारी सकाळी स्कूबा, दुपारी सुरमईचं ताट आणि दिवस मावळायच्या आत घाट चढून रात्री घरी. सोमवारी कारखान्याची पाळी, दुकान, शाळा, जो तो आपापल्या कामाला.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘परतीची वाट’ हा विषय दिला, तेव्हा मला ही गाडी आठवली. मालवणला जाऊन बोटीवर बसलो, डाइव्ह शिकवणाऱ्यांशी बोललो, पुस्तकं आणि तक्ते चाळले. एक गोष्ट तिथं गेल्यावरच नीट कळली. पाण्याच्या तळातून वर येणं आणि घाट चढून घरी येणं हे आपल्याला दोन वेगळे प्रवास वाटतात. शरीराच्या हिशेबी ती एकच चढण आहे. त्या चढणीवर काही थांबे असतात, आणि ते चुकले तर काय करायचं हे खाली जाणाऱ्या प्रत्येकाला आधीच ठाऊक असावं लागतं.

विहिरीत शिकलेलं

आमच्या भागात पोहणं विहिरीत शिकतात. कमरेला वाळका भोपळा किंवा पत्र्याचा डबा, काठावर चुलता आणि पाठीत एक धक्का. दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात पोरगं तळ काढायला लागतं. बुडी मारून तळाचा चिखल मुठीत आणायचा आणि काठावरच्यांना दाखवायचा. तळ काढणाऱ्याची सगळी पुंजी म्हणजे छातीतला दम. वरून घेतलेला एक श्वास घेऊन खाली जायचं आणि तोच घेऊन वर यायचं.

स्कूबात हाच दम अंगावर उलटतो. पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो, आणि पाठीवरच्या टाकीतून रेग्युलेटर जी हवा देतो ती त्या त्या खोलीच्या दाबाची असते. दहा मीटरवर छाती भरून घेतली आणि दम धरून वर आलात, तर पृष्ठभागापर्यंत त्या हवेचं आकारमान दुप्पट होतं. फुप्फुस फाटायला तेवढं पुरतं. त्याला समुद्र लागत नाही, पोहण्याच्या तलावातही ते घडू शकतं. म्हणून पहिला नियम असा की श्वास कधीच रोखायचा नाही. मालवणच्या एका इन्स्ट्रक्टरने हे हसत सांगितलं : “घाटावरच्या पोरांक पाण्याचा भय नाय, पण दम धरून ठेवतत.” विहिरीत दहा वर्षांत कमावलेली सवय त्याला अर्ध्या तासात मोडावी लागते.

स्कूबा आम्हाला नवा असला तरी पाणी उपसण्याशी आमचा संबंध जुना. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या ज्या माळावर कारखाना उभा केला, त्याच्या जवळच्या रेल्वे स्टेशनाचं नाव तेव्हा कुंडल रोड होतं. पुढे ते किर्लोस्करवाडी झालं. जून २०१८ मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले, तेव्हा पाणी उपसण्याचा सल्ला द्यायला किर्लोस्कर कंपनीचे तज्ज्ञ तिथं गेले होते आणि मोठे पंप किर्लोस्करवाडीत तयार ठेवले होते. त्या गुहेत डायव्हरांचा जीव घेत होती ती अरुंद वाट, गढूळ पाणी आणि टाकीतली संपणारी हवा. खोली फार नव्हती, त्यामुळे मी पुढे ज्याबद्दल सांगणार आहे ते चढणीवरचं संकट तिथं फारसं आड आलं नाही. बाकी कुंडलची ओळख स्वातंत्र्यलढ्यातल्या भूमिगतांचं गाव अशी. नाना पाटलांचं प्रतिसरकार, जी. डी. बापू लाड, तुफान सेना. पाण्याखाली जाणारे हे अलीकडचे.

काळं रान, मुरमाड रान

हवेत जवळजवळ चार भाग नायट्रोजन असतो आणि एक भाग ऑक्सिजन. नायट्रोजन शरीराच्या काही कामाचा नाही. आत येतो, बाहेर जातो. पण दाब वाढला की तो रक्तात आणि तिथून सगळ्या शरीरात विरघळायला लागतो. तीस मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट. तिथं वीस मिनिटं काढली की अंगात नायट्रोजनचा बराच साठा होतो.

शरीराच्या सगळ्या भागांत तो सारख्या वेगाने शिरत नाही. मुरमाड रानात पाणी पटकन मुरतं आणि पटकन निघून जातं. काळ्या रानात उशिरा शिरतं आणि एकदा शिरलं की वाफसा यायला आठवडा जातो. रक्त, मेंदू ही मुरमाड रानं; सांधे, चरबी ही काळी. डायव्हर हळूहळू वर आला तर साठलेला नायट्रोजन रक्तातून फुप्फुसात येऊन उच्छ्वासावाटे निघून जातो. घाईने वर आला तर दाब एकदम उतरतो आणि जो वायू अजून निघायचा आहे त्याचे जागच्या जागी बुडबुडे होतात. सांध्यात झाले तर खांदा किंवा कोपर आतून ठणकतं. कातडीखाली झाले तर अंगावर संगमरवरासारखे डाग उमटतात. पाठीच्या कण्यात झाले तर पाय बधिर होतात, लघवी अडते. मेंदूत झाले तर तोल जातो, बोलणं अडखळतं.

हे दुखणं गाजलं ते डायव्हरांमुळे नव्हे, पूल बांधणाऱ्या मजुरांमुळे. नदीच्या तळाशी पाया खणायचा तर लोखंडी किंवा लाकडी पेटी खाली बुडवायची, तिच्यात दाबाने हवा भरून पाणी बाहेर ठेवायचं आणि माणसांनी आत उतरून खणायचं. पाळी संपली की ती माणसं थेट बाहेर यायची आणि तासाभराने वेदनेने वाकायची. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ मध्ये याच दुखण्याने असे खचले की पुढचं काम त्यांना घरात बसून आणि पत्नी एमिली यांच्यामार्फत पुरं करावं लागलं. आपल्याकडे १९४३ मध्ये सुरू झालेल्या हावडा पुलाच्या एका बाजूच्या पायासाठीही मजूर दाबाच्या हवेत खणत होते. दाब चौरस इंचाला सुमारे चाळीस पौंड, म्हणजे सत्तावीस मीटर पाण्याखाली असल्यासारखा.

बुडबुडे नायट्रोजनचे असतात हे फ्रान्समध्ये पॉल बेर यांनी १८७८ च्या ग्रंथात दाखवलं. त्यावर वापरता येईल असा उपाय दिला तो जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी. ब्रिटिश नौदलासाठी त्यांनी शेळ्यांना दाबकक्षात ठेवून प्रयोग केले. शेळीला सांधेदुखी झाली की ती पुढचा एक पाय उचलून धरते, तेवढी खूण पुरे होती. हॉल्डेन यांनी शरीर पाच प्रकारच्या रानांत वाटलं. सगळ्यांत चपळ भाग पाच मिनिटांत निम्मा भरणारा, सगळ्यांत सुस्त पंचाहत्तर मिनिटांत. त्यावरून १९०८ मध्ये त्यांनी तक्ते छापले : इतक्या खोलीवर इतका वेळ, तर वर येताना इतक्या ठिकाणी इतकी मिनिटं थांबा. आज मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर अशा सोळा-सोळा रानांचा हिशेब दर काही सेकंदांनी करतो, पण विचार हॉल्डेन यांचाच.

त्यांचा मुलगा जे. बी. एस. हॉल्डेन. वडिलांच्या प्रयोगांच्या वेळी तेरा वर्षांच्या या मुलाने स्कॉटलंडच्या समुद्रात मापाला न बसणाऱ्या गळक्या पोशाखात बुडी मारली होती. पुढे त्याने स्वतःच्या शरीरावर दाबाचे इतके प्रयोग केले की पाठीचे मणके आणि कानाचे पडदे दोन्ही दुखावून घेतले. हाच माणूस १९५७ मध्ये कलकत्त्याला आला, भारताचा नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला. आनुवंशिकीचा विद्वान म्हणून आपण त्याला ओळखतो. डायव्हर मंडळींनी त्याच्या कानांचंही ऋण मानायला हवं.

पाच मीटरवर तीन मिनिटं

किल्ल्याजवळ पर्यटकांना जी डाइव्ह देतात ती बहुतेक सहा-सात-आठ मीटरची. इन्स्ट्रक्टर तुमची टाकी मागून धरून ठेवतो, तुम्ही मासे बघता, कॅमेऱ्याकडे अंगठा-तर्जनीचा गोल करून दाखवता, आणि वीसएक मिनिटांत वर. एवढ्या उथळ पाण्यात सक्तीचा थांबा लागण्याइतका नायट्रोजन साठत नाही. त्या गर्दीत जास्त धोका असेल तर त्या मालवणी पोराला, जो दिवसभर एकेका पाहुण्याला घेऊन खाली-वर करत असतो. प्रत्येक फेरी उथळ, पण फेऱ्या पुष्कळ, आणि त्यांची मोजदाद कुणी ठेवत नाही.

खरा प्रश्न त्याच्या पुढच्या पायरीवरच्या लोकांचा. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. तिथं किंवा गोव्यात, अंदमानात रीतसर कोर्स करून परवाना घेतलेली पोरं आता सांगली-साताऱ्यातही आहेत. ती अठरा मीटर जातात, तीस मीटर जातात. ठरावीक खोलीवर किती वेळ काढला तर थेट वर येता येईल याची मर्यादा तक्त्यात असते. पाडी या संस्थेच्या तक्त्यात अठरा मीटरला छप्पन मिनिटं, तीस मीटरला वीस. या मर्यादेत राहिलात तरी पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायला सांगतात. हा सेफ्टी स्टॉप. तो सावधगिरीचा, सक्तीचा नाही. मर्यादा ओलांडली की मात्र थांबा सक्तीचा होतो. मग कॉम्प्युटर एक खोली दाखवतो, तिच्या वर यायचं नाही. डायव्हर त्याला ‘डेको’त जाणं म्हणतात.

हे थांबे चुकतात कसे, हे बोटीवर बसल्याशिवाय कळत नाही. पुस्तक वाचून वाटतं, पाच मीटरवर तीन मिनिटं लटकायचं, त्यात काय अवघड? पण टाकी रिकामी होत आली की ती हलकी होते आणि तुम्हाला वर ढकलते. कमरेचं शिसं कमी पडलं तर पाच मीटर धरून ठेवणं कठीण जातं. नांगराच्या दोरीपासून दूर गेलात तर उघड्या पाण्यात आधाराला काही नसतं, खाली तळ दिसत नाही, वर लाट उचलते. जोडीदाराची हवा संपत आलेली असते. कुणाला ओकारी येते. कुणी कासवामागे गेलेला असतो. आणि बीसीडीचं, म्हणजे हवा भरून तरंगायच्या जॅकेटचं, बटण चुकून उलटं दाबलं गेलं, हवा सोडायच्या ऐवजी भरली गेली, की पुढच्या काही सेकंदांत माणूस बुचासारखा बोटीच्या बाजूला.

बुडालेल्या जहाजावर वेळ कसा जातो कळत नाही. निवृत्त युद्धनौका आयएनएस गुलदार निवती रॉकजवळ समुद्रतळाशी बसवून पाण्याखालचं संग्रहालय करण्याची पर्यटन महामंडळाची योजना आहे. तशा जागी लोक खोलवर जास्त वेळ काढणार आणि मर्यादा ओलांडण्याचे प्रसंगही वाढणार. त्याची तयारी जहाजासोबतच व्हायला हवी असं माझं मत आहे.

वर आलात, आता खाली नको

थांबा चुकल्याचं पाण्यात असतानाच लक्षात आलं तर गोष्ट सोपी आहे. कॉम्प्युटर म्हणतोय सहा मीटर आणि तुम्ही चारवर पोहोचलात, तर लगेच सहाच्या खाली जा आणि उरलेला वेळ काढा. हवा कमी असेल तर जोडीदाराच्या दुसऱ्या रेग्युलेटरवर जा; चांगल्या बोटी पाच मीटरवर एक जादा टाकी दोरीने टांगून ठेवतात ती याचसाठी. पाडीच्या तक्त्याप्रमाणे मर्यादा पाच मिनिटांपर्यंत ओलांडली असेल तर पाच मीटरवर आठ मिनिटं थांबायचं आणि नंतर सहा तास डाइव्ह नाही. त्याहून जास्त ओलांडली असेल तर हवा पुरेल तोवर, निदान पंधरा मिनिटं, आणि चोवीस तास डाइव्ह नाही.

डोकं पाण्याबाहेर आलं की नियम बदलतो. मनात पहिली गोष्ट येते ती पुन्हा खाली जाऊन राहिलेली मिनिटं भरून काढण्याची. शेतकऱ्याच्या पोराला तर हा हिशेब अगदी पटतो. राहिलेलं काम पुरं करायचं. हौशी डायव्हरने हे करायचं नाही. बुडबुडे व्हायला सुरुवात झाली असेल तर खाली जाताना ते आकसतात आणि फुप्फुसाच्या चाळणीतून निसटून मेंदूकडे जाऊ शकतात. खाली असताना हातपाय गळाले, शुद्ध हरपली तर वाचवणारं कुणी नसतं. शिवाय टाकीत हवा किती उरली आहे? बहुतेक वेळा तीच संपलेली असते, म्हणून तर वर आलात.

अमेरिकी नौदलाच्या नियमपुस्तकात परत पाण्यात उतरण्याची सोय आहे, आणि वाद घालणारे तिचा दाखला देतात. वरच्या थांब्यांपैकी एखादा चुकला आणि डायव्हर मिनिटभरात खाली पोहोचला तर तो थांबा एका मिनिटाने वाढवून पुरा करतात. उशीर वाढत गेला की थांबे दीडपट होतात, आणि त्यापुढे थेट दाबकक्षातले उपचार. पण तिथं डायव्हरला वरून नळीने हवा येत असते, कानात सुपरवायझरचा आवाज असतो, पाण्यात सोबतीला दुसरा डायव्हर तयार असतो आणि दाबकक्ष बहुतेक जहाजावरच असतो. मालवणच्या लाकडी होडीत यातलं काय आहे ते मोजून बघा.

मग करायचं काय? बीसीडी फुगवा आणि बोटीला हात करा. बोटीवर चढताना जोर लावू नका. टाकी, शिसं पाण्यातच काढून वर द्या आणि इतरांना ओढून घेऊ द्या, कारण स्नायूंवर ताण आला की बुडबुडे वाढतात. आडवे पडा. काहीही होत नसलं तरी शंभर टक्के ऑक्सिजन सुरू करा. शुद्ध ऑक्सिजन घेतल्याने फुप्फुसातला नायट्रोजन हटतो आणि अंगातला बाहेर यायला लागतो; म्हणजे पाण्यात राहून गेलेलं काम बोटीवर थोडंफार होतं. शुद्धीत असाल तर पाणी प्या. दारू नको, गरम पाण्याची आंघोळ नको, मालिश नको, आणि दुखणं दडपणारी गोळीही नको, कारण दुखणं हीच डॉक्टरची खूण असते. काही झालं नाही तरी निदान चोवीस तास पाण्यात जाऊ नका. काही कॉम्प्युटर अशा वेळी स्वतःला कुलूप लावून घेतात, तेव्हा मित्राचा कॉम्प्युटर बांधून पुन्हा उतरणारे महाभागही असतात.

जोडीदारावरही लक्ष ठेवा. तो तेवढ्याच खोलीवर तेवढाच वेळ होता; त्याचं बरं दिसतंय म्हणजे तो सुटला असं नाही. अधूनमधून दोघांना डोळे मिटून हात पुढे धरायला सांगा, सरळ रेषेत चालवा, शंभरातून सात-सात वजा करायला लावा. लघवी झाली का ते विचारा. हा प्रश्न लाजेने राहून जातो आणि कण्याच्या दुखण्याची पहिली खबर तोच देतो. खोली, वेळ, वर आल्याची वेळ, ऑक्सिजन सुरू केल्याची वेळ हे कागदावर लिहा. कॉम्प्युटर रुग्णासोबत ठेवा.

थांबा चुकलेल्या प्रत्येकाला दुखणं होतंच असं नाही. उलट सगळे थांबे पाळणाऱ्यालाही ते होऊ शकतं. चारांतल्या एकाच्या हृदयाच्या पडद्यात जन्मापासून उरलेलं एक छोटं छिद्र असतं आणि त्यातून बुडबुडे फुप्फुसाला वळसा घालून जातात. म्हणून दुखणं दिसलं की ‘माझं काही चुकलं नाही, मग मला कसं होईल’ असा युक्तिवाद कामाचा नाही.

जंबो सिलिंडरचं गणित

२०२१ च्या उन्हाळ्यात, कोरोनाच्या लाटेत, सांगली जिल्ह्यातलं घरटी एक माणूस ऑक्सिजनचा जाणकार झाला होता. पंधरा लिटरचा फ्लो, पिशवीचा मास्क, बी टाइप, जंबो हे शब्द तेव्हा चावडीवर बोलले जात. ते ज्ञान इथं उपयोगी पडतं. पिशवीच्या मास्कला मिनिटाला पंधरा लिटर लागतो. बी टाइप सिलिंडरमध्ये दीड हजार लिटर वायू असतो, म्हणजे शंभर मिनिटं. किल्ल्याजवळून जेटीवर आणि जेटीवरून मालवणच्या दवाखान्यात जायला एवढा पुरे.

पण विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात अँग्रिया बँक नावाचं प्रवाळांचं पठार आहे. तिथं जाणारे डायव्हर बोटीवरच राहतात, दिवसाला अनेक डाइव्ह करतात. ताशी पंधरा किलोमीटरने चालणारी बोट तिथून किनाऱ्याला यायला सात तास घेईल. सात तास पंधराच्या फ्लोने सहा हजार तीनशे लिटर. म्हणजे एका माणसासाठी एक अख्खा जंबो, आणि जोडीदारालाही लागला तर दोन. एवढा ऑक्सिजन बोटीवर नसेल तर तिथं डेकोची डाइव्ह करूच नये.

चेंबर कुठे आहे

लक्षणं आली की खरा उपाय एकच, दाबकक्ष. डायव्हर त्याला चेंबर म्हणतात. रुग्णाला अठरा मीटर खोलीएवढ्या दाबात नेतात, वीस-वीस मिनिटं शुद्ध ऑक्सिजन देतात, मध्ये पाच-पाच मिनिटं साधी हवा, आणि मग पायरीपायरीने दाब उतरवतात. नेहमीचा पूर्ण उपचार पावणेपाच तासांचा. जो थांबा पाण्यात चुकला तो इथं कोरड्यात, डॉक्टरच्या नजरेखाली, व्याजासकट फेडायचा.

महाराष्ट्रात या विद्येचं माहेर म्हणजे कुलाब्याचं नौदलाचं रुग्णालय आयएनएचएस अश्विनी. अंदमानात पोर्ट ब्लेअरच्या (आता श्री विजयपुरम) आयएनएचएस धन्वंतरीत चेंबर आहे. मुंबई-पुण्यात खाजगी रुग्णालयांतही दाबाचा ऑक्सिजन देणारे कक्ष आहेत, पण ते मुख्यतः मधुमेहाच्या न भरणाऱ्या जखमांसाठी. त्यातले पुष्कळ एका माणसापुरते असतात. प्रत्येक कक्ष अठरा मीटरचा दाब देऊ शकतो किंवा मध्यरात्री चालू करता येतो असं नाही. म्हणून गाडी काढण्याआधी फोन करायचा. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या आंतरराष्ट्रीय संस्थेचे डॉक्टर फोनवर सल्ला देतात, विमाही देतात. परवानाधारक डायव्हरने तो घेतलेला बरा.

मालवणहून मुंबई रस्त्याने पाचशे किलोमीटरच्या आसपास. आणि इथं रस्ता निवडण्याचा प्रश्न येतो. आपल्याकडच्या माणसाची सवय अशी की घाट चढायचा, कोल्हापूरला हायवे धरायचा आणि पुण्यावरून सुसाट जायचं. बुडबुड्यांचा रुग्ण गाडीत असेल तर तो रस्ता सह्याद्रीच्या माथ्यावर नेतो. कोकणातून जाणाऱ्या महामार्गावर परशुराम, कशेडी आहेत, पण तो पठारावर चढत नाही. हेलिकॉप्टरने न्यायचं झालं तरी ते तीनशे मीटरच्या वर नेऊ नये असं सांगतात.

घाट हा वरचा थांबा

आंबोलीची उंची सुमारे ६९० मीटर. तिथं हवेचा दाब मालवणच्या मानाने आठ टक्क्यांनी कमी असतो. डायव्हरच्या अंगातल्या उरलेल्या नायट्रोजनला घाट चढणं म्हणजे पृष्ठभागाच्याही वर येणं वाटतं. डाइव्ह संपल्यावर विमानात कधी बसावं याचे नियम डायव्हरांना पाठ असतात : थांबा न लागलेली एकच डाइव्ह असेल तर निदान बारा तास, दिवसात किंवा ओळीने काही दिवस अनेक डाइव्ह असतील तर अठरा, आणि सक्तीचा थांबा लागला असेल तर त्याहून बरेच जास्त, साधारणपणे चोवीस धरतात. हे नियम विमानाच्या केबिनमधल्या ज्या उंचीपासून लागू होतात ती आहे ६१० मीटर. आंबोली तिच्या वर, गगनबावडाही तिच्या आसपास.

कोकणातल्या इन्स्ट्रक्टरला हे सुचत नाही, कारण त्याचं घर समुद्रसपाटीवर आहे. मुंबईकराला सुचत नाही, कारण तो समुद्राकाठूनच परत जातो. हा प्रश्न आमचा आहे. सांगली, सातारा, कोल्हापूर, पुण्याचा. कोयनेचा शिवसागर भरला की पाण्याची पातळीच समुद्रसपाटीपासून ६५९ मीटरवर असते. तिथं धरणाच्या कामासाठी वीस मीटर खाली उतरणाऱ्या डायव्हरला तक्ता जवळजवळ बावीस मीटरचा लावावा लागतो. स्वित्झर्लंडच्या अल्बर्ट ब्यूलमान यांनी डोंगरातल्या तळ्यांसाठी असे हिशेब बसवले, आणि मनगटावरच्या अनेक कॉम्प्युटरांत आज त्यांचंच गणित चालतं. स्विस डोंगरांना जे लागू, ते सह्याद्रीलाही.

घाबरवण्याचा हेतू नाही. सहा-सात मीटरवर वीस मिनिटं मासे बघितलेल्या पाहुण्याला संध्याकाळी घाट चढताना काही होण्याची शक्यता फारच थोडी. तरी बारा तासांचा नियम त्यालाही आहे. शनिवार-रविवार मिळून चार डाइव्ह करून, त्यातली एक तीस मीटरची, दुपारी तीनला गाडी काढणाऱ्या परवानाधारकाची गोष्ट वेगळी. आणि ज्याचा थांबा चुकलाय त्याने तर घाटाच्या पायथ्याशी, कणकवलीत, मालवणात, कुठंही, पण खालीच मुक्काम करायचा. खोलीचं भाडं हजार-दोन हजार. सोमवारची रजा टाका. सोपी युक्ती अशी की पाण्याचा कार्यक्रम शनिवारी सकाळी उरका आणि किल्ला, बाजार, जेवणं रविवारी ठेवा.

सोमवारी दवाखान्यात

अमेरिकी नौदलाच्या नोंदी सांगतात की या दुखण्याची लक्षणं पहिल्या तासात ४२ टक्के लोकांना दिसतात, तीन तासांत ६०, आठ तासांत ८३ आणि चोवीस तासांत ९८. रविवारी सकाळी अकराला वर आलेल्या माणसाचे आठ तास संध्याकाळी सातला भरतात; तेव्हा तो कोल्हापूर ओलांडून घरच्या रस्त्याला असतो. म्हणजे उरलेल्यांचं दुखणं घरी सुरू होतं. रात्री खांदा ठणकतो. वाटतं, टाकी उचलली म्हणून असेल, गाडी चालवली म्हणून असेल. सकाळी तो गावातल्या डॉक्टरकडे जातो, नाहीतर मिरजेला हाडांच्या डॉक्टरकडे. एक्स-रे साफ येतो. खांद्याला तेल लावून शेकायला सांगतात. डॉक्टरचा दोष नाही. समुद्रापासून इतक्या दूर बसलेल्या माणसाला खांदेदुखीच्या रुग्णात बुडबुडे का दिसावेत? रुग्णाने सांगायला हवं, आणि पहिल्याच वाक्यात : काल मी इतक्या मीटर पाण्यात होतो, इतका वेळ होतो, थांबा चुकला होता, घाट चढून आलो. ऑक्सिजन घेऊन दुखणं थांबलं असलं तरी चेंबरच्या डॉक्टरशी बोलूनच ते संपलं असं म्हणायचं. उशिरा सुरू केलेल्या उपचारानेही फायदा होतो, म्हणून ‘आता दोन दिवस झाले’ असं म्हणून बसू नये.

स्कूबाच्या धंद्यात अपघाताचं नाव काढलं की लोकांना बोटी आठवतात. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक दगावले. त्यानंतर लाइफ जॅकेटबद्दल पुष्कळ बोललं गेलं, आणि ते योग्यच होतं. ऑक्सिजनबद्दल तेवढं बोललं जात नाही. जेटीवर भावाची घासाघीस करताना, व्हिडिओ किती मिनिटांचा देणार हे विचारताना, आणखी एक गोष्ट विचारा. ऑक्सिजनची टाकी बोटीवर आहे का, आणि भरलेली आहे का? असेल तर काटा दाखवायला सांगा, मास्क जोडून दाखवायला सांगा. काचकूच करू लागले तर पैसे देऊ नका; शेजारच्या बोटीकडे जा आणि तिथंही हेच विचारा.